आनंदीबाई जोशी, क्षय आणि लोहाचा हिशेब

१६ नोव्हेंबर १८८६ रोजी आनंदीबाई जोशी मुंबईच्या बंदरात उतरल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची एम.डी. पदवी त्यांच्याजवळ होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरलेली होती. स्वागताला माणसे जमली होती. पण उतरणाऱ्या एकवीस वर्षांच्या डॉक्टरीण बाई स्वतःच अंथरुणाला खिळण्याच्या बेतात होत्या. त्यांना क्षय झाला होता आणि पुढे त्यांच्या वाट्याला जेमतेम सव्वातीन महिने उरले होते.

कल्याणच्या या लेकीची गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. काशीबाई कानिटकरांनी तिचे चरित्र लिहिले, श्री. ज. जोशी यांच्या कादंबरीने ती घरोघर नेली, नंतर नाटक आणि चित्रपटही आले. या सगळ्यांत गोपाळरावांचा हट्ट, समाजाचा विरोध आणि समुद्रप्रवास हे भाग सविस्तर येतात. आजार मात्र शेवटच्या प्रकरणात येतो आणि नशिबाचा घाला म्हणून उरकला जातो. डॉक्टरच्या नजरेने पाहिले तर हा आजार शेवटच्या प्रकरणातला नाही. त्याची पूर्वतयारी बरीच आधीपासून दिसते. शिवाय त्याला एक असा धागा आहे, जो आजच्या रुग्णाच्या औषधाच्या चिठ्ठीपर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा लोहाचा आहे.

यमुना गणपतराव जोशी हे त्यांचे माहेरचे नाव. जन्म ३१ मार्च १८६५चा. कल्याणचे जोशी घराणे एके काळी सधन होते, पण यमूच्या लहानपणापर्यंत ते वैभव ओसरले होते. कल्याणला आगगाडी येऊन तेव्हा दहा-अकरा वर्षे झाली होती. गावात सरकारी कचेऱ्या होत्या, बाहेरची माणसे नोकरीनिमित्त येत-जात होती. अशांपैकीच पोस्टखात्यातले गोपाळराव जोशी. मूळचे संगमनेरचे, बिजवर, यमूपेक्षा सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवायचे ही त्यांची लग्नाची अटच होती. १८७४ साली लग्न झाले तेव्हा यमू नऊ वर्षांची होती. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले गेले.

शिकवण्याचा ध्यास खरा होता आणि त्यातली जबरदस्तीही खरी होती. अभ्यास चुकला की मार बसे. हे आज वाचताना अंगावर येते आणि गोपाळरावांच्या पुरोगामीपणाकडे पाहून ते झाकायचे कारण नाही. नोकरीतल्या बदल्यांबरोबर हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज असे फिरत राहिले. पुढे ते कलकत्त्याला गेले.

चौदाव्या वर्षाच्या सुमारास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही जाणीव त्यांना डॉक्टर होण्याकडे घेऊन गेली, असे चरित्रकार सांगतात. पण त्या बाळंतपणाचा दुसरा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. प्रौढ बाईच्या शरीरात एकूण लोह असते साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे एका खिळ्यात मावेल एवढे. त्यातला मोठा भाग रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये अडकलेला असतो. एका गरोदरपणाला सुमारे एक ग्रॅम लोह लागते. आहारातून रोज शरीरात शोषले जाते ते एक ते दोन मिलिग्रॅम, आणि धान्य, डाळी, भाज्यांतले लोह मांसातल्या लोहापेक्षा बरेच कमी शोषले जाते. जिची स्वतःचीच वाढ चालू आहे, पाळी नुकती सुरू झाली आहे, अशा तेरा-चौदा वर्षांच्या शाकाहारी मुलीवर बाळंतपण आले तर तिची शिल्लक कशी संपत असेल याचा अंदाज बांधायला प्रयोगशाळा लागत नाही. कल्याण-डोंबिवलीच्या प्रसूतिगृहांत आजही प्रौढ वयाच्या बायका हिमोग्लोबिन आठ-नऊ घेऊन येतात.

कलकत्त्यात आनंदीबाईंची प्रकृती बिघडू लागली. डोकेदुखी, अशक्तपणा, मधूनच ताप, कधी धाप लागणे. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंशी त्यांचा पत्रव्यवहार जुळला होता. १८८० साली दंतवैद्याकडे वाट पाहताना एका मिशनरी मासिकात त्यांनी गोपाळरावांचे पत्र वाचले आणि त्या अनोळखी मुलीला लिहायला घेतले. या बाईंनी अमेरिकेतून औषधेही धाडली. त्यांचा उपयोग झाला नाही.

डोकेदुखी, अशक्तपणा, बारीक ताप आणि धाप ही चार लक्षणे आज एखादी अठरा वर्षांची मुलगी घेऊन आली तर हिवतापापासून पंडुरोगापर्यंत आणि टायफॉईडपासून क्षयापर्यंत पाच-सहा शक्यता मनात येतील. रक्त, थुंकी, छातीचा एक्स-रे असे तपासून दोन दिवसांत बरेच उलगडेल. १८८३ साली डॉक्टरच्या हाती होते ते स्टेथोस्कोप आणि थर्मामीटर. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. एक्स-रे यायला आणखी बारा वर्षे होती. हिमोग्लोबिन रंगावरून मोजायचे छोटे उपकरण विल्यम गॉवर्स यांनी १८७८ साली आणले होते. रक्तातले लोह मोजणे विसाव्या शतकात जमले, आणि साठ्यातले लोह दाखवणारी फेरिटिनची रक्तचाचणी तर १९७२ सालची.

तपासणी नव्हती, पण लोहाचे औषध होते आणि ते मुबलक होते. युरोप-अमेरिकेत निस्तेज, थकलेल्या, धाप लागणाऱ्या तरुण मुलींच्या आजाराला क्लोरोसिस म्हणत, कारण त्वचेवर हिरवट छटा येते असे मानले जाई. १८३२ साली पियेर ब्लो या फ्रेंच डॉक्टरने त्यावर लोहाच्या गोळ्या दिल्या आणि त्या अतिशय गाजल्या. गाजाव्यात अशाच होत्या, कारण बहुतेक मुलींना खरोखरच लोह कमी असे. निस्तेज मुलगी दिसली की लोहाची गोळी हा त्या शतकाचा शिरस्ता झाला. आपल्याकडे टॉनिकच्या बाटलीचा जो मान आहे त्याचे मूळ बऱ्याच अंशी तिथेच आहे.

या शिरस्त्याला एका नामांकित माणसाने हरकत घेतली होती. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयातले आर्मां त्रूसो हे त्या काळचे मोठे शिक्षक. त्यांच्या व्याख्यानांत खरा क्लोरोसिस आणि खोटा क्लोरोसिस असा भेद येतो. मुलगी निस्तेज दिसते, पण कारण असते छातीत लपलेला क्षय. अशा मुलीला लोह दिले तर रंग सुधारल्यासारखा वाटतो, पण दबलेला क्षय उसळून येतो, असा त्यांचा अनुभव होता. आपण पूर्वी असे लोह देऊन नुकसान केले याची त्यांना खंत होती. जंतू माहीत नसताना, केवळ रुग्णाकडे नीट पाहून काढलेले हे अनुमान. त्रूसो १८६७ साली वारले, तेव्हा यमू दोन वर्षांची होती.

७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या, एकट्या, नवऱ्याशिवाय. त्याआधी २४ फेब्रुवारीला श्रीरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भर सभेत उभे राहून आपण अमेरिकेला का जातो हे सांगितले होते. बंगालमधले श्रीरामपूर हे, नगरचे नव्हे. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या. कार्पेंटर कुटुंबाने त्यांना मुलीसारखे ठेवून घेतले. ऑक्टोबरात त्या कॉलेजात दाखल झाल्या. डीन होत्या रेचल बॉडली, मूळच्या रसायनशास्त्राच्या. त्यांच्यामुळे तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली.

१८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पोशाखाबाबत आणि आहाराबाबत आनंदीबाईंनी आपला नेम सोडला नाही. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात नऊवारी आणि शाकाहार, हे त्यांना महाग पडले असे तेव्हाही म्हटले गेले आणि आजही म्हटले जाते. यात थोडी दुरुस्ती हवी. भाजी-भाकरी खाल्ल्याने क्षय होत नाही, थंडीनेही होत नाही. तो हवेतून, दुसऱ्या क्षयरोग्याच्या खोकल्यातून येतो. एकोणिसाव्या शतकातल्या फिलाडेल्फियात काय किंवा कलकत्त्यात काय, त्याला तोटा नव्हता, आणि वैद्यकीय विद्यार्थ्याला तर रोजच रुग्णांजवळ जावे लागे. मात्र शरीरात आलेला जंतू दबून राहणार की डोके वर काढणार हे पोषणावर फार अवलंबून असते. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरातल्या माणसांना सहा महिने जादा शिधा आणि जीवनसत्त्वे देऊन पाहिली, तेव्हा त्यांच्यात नवा क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. २०२३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास भारतीय डॉक्टरांचा आहे. परदेशात मिळेल ते अपुरे, अनोळखी अन्न खाऊन तीन वर्षे अभ्यास करणाऱ्या मुलीला त्याची गरज होती. हा पोषणाचा प्रश्न आहे, धर्माचा नाही.

त्या दिवसांतही काम थांबले नाही. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधले प्रसूतिशास्त्र. त्यात आयुर्वेदाच्या ग्रंथांतली माहिती आणि अमेरिकेत शिकलेले वैद्यक दोन्ही होते. दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आईने हा विषय निवडला यात नवल नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पण तोवर प्रकृती ढासळत चालली होती, आणि वर्षअखेर ९ ऑक्टोबरला परतीचे जहाज गाठले तेव्हा हा क्षय आहे याबद्दल शंका उरली नव्हती.

त्रूसो यांच्या निरीक्षणामागचे कारण कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. क्षयाच्या जंतूला वाढायला लोह लागते. ते मिळवण्यासाठी तो स्वतः एक रसायन बनवतो, जे आसपासचे लोह पकडून त्याच्याकडे आणते. शरीरालाही हे जणू ठाऊक आहे. दीर्घ संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे एक संप्रेरक जास्त सोडते. ते आतड्यातून होणारे लोहाचे शोषण आवळते आणि पेशींमधल्या साठ्याला कुलूप घालते. जंतूची रसद तोडण्याचा हा उपाय आहे. त्याची किंमत म्हणजे रक्त तयार करणाऱ्या मज्जेलाही लोह मिळत नाही आणि हिमोग्लोबिन उतरते. रुग्ण निस्तेज दिसतो, रक्तातले लोह कमी येते, फेरिटिन मात्र वर असते. म्हणजे घरात धान्य आहे, कोठाराला कुलूप आहे. अशा वेळी बाहेरून आणखी पोती आणून टाकली तर ती कोणाच्या कामी येतील, हा प्रश्न डॉक्टरने स्वतःला विचारायचा असतो. हेप्सिडिनचा शोध २००० सालच्या आसपासचा, म्हणजे तसा कालचाच.

याचा प्रत्यक्ष पडताळा १९७८ साली आला. मरे आणि सहकारी डॉक्टरांनी लोह कमी असलेल्या सोमाली भटक्या लोकांपैकी ७१ जणांना लोहाच्या गोळ्या दिल्या आणि ६७ जणांना नुसत्याच बिनऔषधी गोळ्या. बिनऔषधी गटात संसर्गाचे सात प्रसंग घडले, लोह घेणाऱ्यांत छत्तीस. त्यांत हिवताप होता आणि दबलेला क्षय पुन्हा जागा होणेही होते. त्याच्याही आधी, १९२९ साली, स्ट्रॅचन नावाच्या डॉक्टरने जोहान्सबर्गमधल्या शवविच्छेदनांवरून एक गोष्ट नोंदवली होती. लोखंडी भांड्यांत आंबवलेली घरगुती दारू पिणाऱ्या आफ्रिकी लोकांच्या यकृतात लोहाचे थर साचत, आणि अशा लोकांत क्षयाने मरणारे जास्त होते. यकृताचा कर्करोगही त्यांच्यात अधिक दिसला.

यकृताचे नाव इथे आले ते योगायोगाने नव्हे. जास्तीचे लोह साठवण्याची शरीराची मुख्य कोठी यकृतच आहे. म्हणून लोहाचा आणि दीर्घ संसर्गाचा संबंध सर्वांत बारकाईने तपासला गेला तो यकृताच्या एका विषाणूबाबत, हिपॅटायटिस सी. हा विषाणू सापडला १९८९ साली. तो रक्तातून पसरतो आणि वर्षानुवर्षे गुपचूप यकृत पोखरतो. इथे गंमत अशी की क्षयात जे होते त्याच्या उलटे घडते. हा विषाणू हेप्सिडिन वाढवत नाही, उलट दाबतो. त्यामुळे आतड्यातून लोह जास्तच शोषले जाते आणि आजारी यकृतात साचत राहते. मोकळे लोह पेशींमध्ये तीव्र रासायनिक क्रिया घडवते, लोखंड गंजावे तशी. यकृताला आधीच सूज असते, त्यात ही भर. अनेक वर्षांनी सिरोसिस आणि क्वचित कर्करोग.

१९९०च्या दशकात या आजारावर इंटरफेरॉनची इंजेक्शने होती. ज्यांच्या यकृतात लोह जास्त, त्यांना ती कमी लागू पडतात असे दिसून आले. मग रक्तदानासारखे ठरावीक दिवसांनी रक्त काढून लोह उतरवण्याचे प्रयोग झाले. जपानी डॉक्टरांनी त्याचा बराच पाठपुरावा केला. यकृताची सूज दाखवणारे रक्तातले आकडे त्यामुळे सुधारत. विषाणू मात्र केवळ रक्त काढून जात नसे. पुढे इंटरफेरॉनसोबत रायबाविरिन देऊ लागले तेव्हा एक जुनाच घोटाळा नव्या रूपात झाला. रायबाविरिनने तांबड्या पेशी फुटतात, हिमोग्लोबिन खाली येते. ते पाहून रुग्ण किंवा त्याचे नातेवाईक आपणहून लोहाच्या गोळ्या सुरू करत. पेशी फुटल्यावर त्यातले लोह शरीरातच राहते, ते यकृतात जाते, आणि त्यावर ही गोळी. म्हणजे निस्तेज दिसले की लोह, हा ब्लो यांचा शिरस्ता दीडशे वर्षांनीही सुटला नव्हता.

कल्याणच्या शेजारी हा विषय आणखी जवळचा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना वसवले गेले, तो कल्याण कॅम्प म्हणजे आजचे उल्हासनगर. सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक इतर अनेक समाजांपेक्षा जास्त आहेत. आईवडील दोघेही वाहक असतील तर मुलाला थॅलेसेमिया मेजर होऊ शकतो आणि त्याला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. रक्ताच्या एका पिशवीबरोबर दोनशे ते अडीचशे मिलिग्रॅम लोह शरीरात जाते आणि ते बाहेर टाकायची सोय निसर्गाने ठेवलेलीच नाही. ते यकृतात, हृदयात साचते. त्यात आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटिस सीसाठी तपासणी २००१ साली बंधनकारक झाली. त्याआधी रक्त घेतलेल्या अनेक मुलांना रक्ताबरोबर विषाणूही मिळाला. एकाच यकृतात लोह आणि विषाणू दोन्ही. अशा रुग्णाला साचलेले लोह लघवी-शौचावाटे काढणारी औषधे रोज घ्यावी लागतात, ती विषाणूच्या औषधाइतकीच महत्त्वाची. आणि जे नुसते वाहक आहेत, ज्यांना आजार नाही, त्यांचेही हिमोग्लोबिन थोडे कमी आणि तांबड्या पेशी लहान असतात. रिपोर्ट पाहून त्यांना लोहाची कमतरता ठरवली जाते आणि वर्षानुवर्षे गोळ्या दिल्या जातात. फेरिटिन आणि हिमोग्लोबिन ए-टू या दोन चाचण्यांनी हा गैरसमज मिटतो.

आता हिपॅटायटिस सीचे चित्र पालटले आहे. तोंडावाटे घेण्याच्या नव्या गोळ्यांनी बहुधा बारा आठवड्यांत, शंभरातल्या पंचाण्णवाहून अधिक रुग्णांमधला विषाणू कायमचा जातो, मग यकृतातले लोह थोडे जास्त असो वा नसो. २८ जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतून त्या मोफत मिळतात. रक्त काढण्याची गरज आता सहसा पडत नाही. तरी फेरिटिन पाहण्याला अर्थ उरला आहे. हिपॅटायटिस सी असलेल्या माणसाने कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोहाची गोळी किंवा टॉनिक घेऊ नये, दारू तर नाहीच. यकृतातल्या लोहाला दारू फार मोठी साथ देते.

याचा अर्थ लोह वाईट असा कोणी काढू नये. गरोदर बाईने सरकारी दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या घेतल्याच पाहिजेत, किशोरवयीन मुलींनीही. या देशात लोहाच्या कमतरतेने होणारे नुकसान प्रचंड आहे आणि ते आनंदीबाईंच्या काळापासून चालत आले आहे. पण ज्याला तीन-चार आठवड्यांचा बारीक ताप आहे, खोकला आहे, वजन उतरते आहे, त्याचे हिमोग्लोबिन नऊ आले म्हणून केमिस्टकडून टॉनिकची बाटली आणणे आणि महिनाभर वाट पाहणे, यात नेमका तो महिना वाया जातो ज्यात थुंकी तपासायला हवी होती. लोहाने होणाऱ्या अपायापेक्षा या दिरंगाईने होणारा अपाय बहुतेकदा मोठा असतो. क्षयाची औषधे सुरू झाली की शरीर कुलूप उघडते आणि बऱ्याच रुग्णांचे हिमोग्लोबिन लोहाशिवाय आपोआप चढू लागते. ज्यांचे चढत नाही, ज्यांची खरीच कमतरता आहे, त्यांना मग तपासून लोह देता येते.

आनंदीबाईंसाठी असे कोणतेच औषध नव्हते. क्षयावरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडले १९४३ साली. त्या काळी अमेरिकेतल्या उत्तम डॉक्टरकडेही विश्रांती, मोकळी हवा, दूध आणि टॉनिक यापलीकडे काही नव्हते. मुंबईहून त्यांना पुण्याला आणले. तिथे वैद्यांचे उपचार झाले. त्यांच्यावर नंतर टीका झाली, पण इतक्या पुढे गेलेल्या क्षयात पुण्याच्या वैद्यांनी काय किंवा फिलाडेल्फियाच्या प्राध्यापकांनी काय, वेगळे काही साधले असते असे नाही. स्वतः डॉक्टर असल्यामुळे आपल्या छातीत काय चालले आहे हे त्यांना इतर कोणाहीपेक्षा चांगले कळत असणार. वाढता खोकला, संध्याकाळचा ताप, रोज उतरणारे वजन यांचा अर्थ लावायला त्या तीन वर्षे शिकल्या होत्या.

२६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्या गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिन्याभराचा अवधी होता. कोल्हापूरच्या ज्या रुग्णालयात त्या रुजू होणार होत्या, ते आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेला पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या पुरल्या आहेत आणि त्यावर त्यांच्या नावाचा दगड आहे.